पातेर (नव्या करारातील पितृवाचक संज्ञा)

‘पिता’ या अर्थाची ग्रीक संज्ञा. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात ती चारशेहून अधिक वेळा आली असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ती ईश्वराला उद्देशून योजिली आहे. घरातील जन्मदाता आणि विश्वाचा निर्माता या दोघांसाठी एकच शब्द वापरणे, हे या ग्रंथातील ईश्वरविषयक भाषेचे प्रमुख लक्षण होय. मराठी अनुवादांत मात्र या एका शब्दासाठी ‘पिता’, ‘बाप’ आणि ‘बाबा’ असे तीन शब्द स्थलपरत्वे येतात. या विभागणीने मूळ अर्थाचे काय होते आणि मराठीच्या स्वतःच्या भक्तिपरंपरेत तिला पर्याय होता काय, हा अनुवादमीमांसेतील महत्त्वाचा प्रश्न आहे.

व्युत्पत्ती व अर्थच्छटा : ग्रीक पातेर, लॅटिन पातेर व संस्कृत पितृ हे शब्द एकाच इंडो-यूरोपीय मूळ शब्दापासून आलेले आहेत. वेदांतील द्यौष्पितृ, ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि रोमनांचा ज्युपिटर ही देवतानामेही परस्परांशी संबद्ध आहेत. होमरच्या महाकाव्यांत झ्यूसला देव व मानव यांचा पिता म्हटले आहे; तथापि तेथे पितृत्वापेक्षा अधिपत्याचा अर्थ प्रबळ आहे. देवाला पिता म्हणण्याची कल्पना ख्रिस्ती धर्माने प्रथम मांडली, असे म्हणता येत नाही. नव्या कराराचे वेगळेपण त्या कल्पनेला दिलेल्या आशयात आहे.

सामान्य ग्रीक व्यवहारात या शब्दाच्या अर्थकक्षा विस्तृत होत्या. जन्मदाता, कुटुंबप्रमुख, पूर्वज, आदिपुरुष, एखाद्या पंथाचा वा विद्येचा प्रवर्तक आणि आदरणीय वृद्ध अशा सर्व अर्थांनी तो योजिला जाई. अनेकवचनी ‘पातेरेस’ म्हणजे बहुधा पूर्वज. मराठीतील ‘पितर’ या शब्दाशी त्याचे साम्य उघड आहे. इब्री लोकांस पत्र या ग्रंथात (११ : २३) मोशेला ज्यांनी तीन महिने लपवून ठेवले त्या आईवडिलांसाठी मिळून हेच अनेकवचन आले आहे. संस्कृतात ‘पितरौ’ या द्विवचनाने माता व पिता या दोघांचा बोध होतो आणि पाणिनीने त्यासाठी एकशेषाचा नियम दिला आहे. दोन्ही भाषांत पितृवाचक शब्दाने मातेलाही आपल्यात सामावून घेतले आहे.

पौलाच्या पत्रांत अब्राहामाला विश्वास ठेवणाऱ्या सर्वांचा पिता म्हटले आहे (रोमकरांस ४). येथे रक्तसंबंध गौण ठरतो. करिंथ येथील मंडळीला पौल सांगतो, की त्यांना ख्रिस्ताच्या मार्गात गुरू पुष्कळ असले, तरी पिते पुष्कळ नाहीत (१ करिंथ ४ : १५). इफिसकरांस पत्रात (३ : १४-१५) ‘पातेर’ व त्यापासून साधलेला ‘पात्रिआ’ (कुल, घराणे) या शब्दांची जोडी साधून प्रत्येक कुलाला नाव मिळते ते त्या पित्यापासून, असा विचार मांडला आहे. ‘पिता’ व ‘वंश’ किंवा ‘बाप’ व ‘कूळ’ असे शब्द योजिले, की ही शाब्दिक जोडी मराठीत लोपते.

जुना करार ते नवा करार : हिब्रू भाषेत पित्यासाठी ‘आब’ हा शब्द आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे सुरू झालेल्या सेप्टुअजिंट या ग्रीक अनुवादात त्यासाठी ‘पातेर’ हा प्रतिशब्द रूढ झाला. जुन्या करारात ईश्वराला पिता म्हटल्याची स्थळे थोडी आहेत. त्यांत बहुधा ईश्वर हा इस्राएल या समग्र प्रजेचा अथवा तिच्या राजाचा पिता असतो. एकट्या भक्ताने त्याला तशी हाक मारणे विरळा. शेजारच्या धर्मांत देवाकडे शारीरिक जनकत्व सोपविले जात असल्याने हिब्रू ग्रंथकारांनी ही प्रतिमा जपून वापरली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

नव्या करारात हे प्रमाण पालटते. परंतु सर्व ग्रंथांत ते सारखे नाही. सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या मार्ककृत शुभवर्तमानात ईश्वरासाठी ‘पातेर’ हा शब्द केवळ चार ठिकाणी (काही हस्तलिखितांत पाच ठिकाणी) येतो. मत्तयात तो चाळीसहून अधिक वेळा आणि योहानात शंभराहून अधिक वेळा आहे. यावरून येशूच्या मूळ वाणीतील या शब्दाचे प्रमाण किती आणि नंतरच्या मंडळ्यांच्या प्रार्थनेतून व चिंतनातून त्यात पडलेली भर किती, हा प्रश्न चिकित्सक अभ्यासात उपस्थित झाला. शब्द येशूच्या प्रार्थनेतून आला आणि मंडळीने तो वाढविला, या मताकडे बहुसंख्य अभ्यासकांचा कल आहे.

अधिकार आणि जवळीक : पातेर या शब्दात आजच्या वाचकाला प्रथम वात्सल्य जाणवते. पहिल्या शतकातील वाचकाला त्याबरोबर अधिकारही जाणवत असे. रोमन कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाची सत्ता प्रौढ पुत्रांवरही चाले. ज्यू कुटुंबातही मालमत्ता, विवाह व धर्माचरण यांबाबत पित्याचा शब्द निर्णायक असे. इब्री लोकांस पत्रात (१२ : ५-११) ईश्वराच्या शासनाची तुलना पित्याने मुलाला लावलेल्या शिस्तीशी केली आहे. योहानात (५ : १९-२०) पुत्र स्वतः होऊन काही करीत नाही, पित्याला करताना पाहतो तेच करतो, असा विचार आहे. सी. एच. डॉड यांच्या मते या वचनामागे बापाच्या हाताखाली धंदा शिकणाऱ्या मुलाचे चित्र असावे. सुताराच्या वा कुंभाराच्या मुलाला वडिलांचे काम पाहून हात बसतो, तसे ते आहे. येथे अधिकार आणि विश्वास यांची फारकत करता येत नाही.

याच शब्दाने मानवी अधिकाराला मर्यादाही घातली आहे. पृथ्वीवर कोणालाही आपला पिता म्हणू नका, कारण तुमचा पिता एकच आहे, असा आदेश मत्तयात (२३ : ९) आहे. धर्मगुरूंना पितृवाचक संबोधन देण्याच्या प्रथेवर प्रॉटेस्टंट लेखकांनी या वचनाच्या आधारे टीका केली. मराठीत हा शब्द धर्मगुरूंच्या संदर्भात दोन वाटांनी आला. लॅटिन ‘पातेर’पासून पोर्तुगीज ‘पाद्रे’ आणि त्यापासून ‘पाद्री’ ही एक वाट व इंग्रजीतील ‘फादर’ ही दुसरी. संस्कृतातून आलेला ‘पिता’ धरल्यास एकाच मूळ शब्दाची तीन रूपे मराठीत नांदतात. ‘बाप’ हा शब्द मात्र या कुळातील नाही.

‘अब्बा’चा वाद : येशूच्या बोलीतील ‘अब्बा’ हा ॲरेमाइक शब्द नव्या करारात तीन ठिकाणी जसाच्या तसा राखला आहे : गेथशेमाने बागेतील प्रार्थना (मार्क १४ : ३६), रोमकरांस पत्र (८ : १५) व गलतीकरांस पत्र (४ : ६). तिन्ही ठिकाणी त्याला जोडून ‘हो पातेर’ हा ग्रीक अर्थ दिला आहे. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमिआस यांनी या शब्दाचे मूळ लहान मुलांच्या बोलीत शोधले आणि ईश्वराला असे संबोधणे हे येशूचे वैशिष्ट्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या विवेचनाचा सोपा सारांश करून ‘अब्बा म्हणजे बाळाच्या तोंडचे बाबा’ असे समीकरण प्रवचनांतून पसरले. बाळबोलीचा अर्थ फार ताणू नये, असे येरेमिआस यांनीही पुढे बजावले होते.

जेम्स बार यांनी १९८८ मध्ये या समीकरणाचे सविस्तर खंडन केले. ॲरेमाइकमध्ये प्रौढ मुलेही वडिलांना ‘अब्बा’ म्हणत. तसेच ग्रीकमध्ये ‘पाप्पास’ हा बालभाषेतील शब्द उपलब्ध असूनही नव्या कराराच्या लेखकांनी तो न योजिता ‘पातेर’ हाच शब्द योजिला, हे त्यांच्या युक्तिवादाचे दोन आधार होत. वऱ्हाडातील वाचकाला पहिला आधार सहज पटण्याजोगा आहे. अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती या गावांतील मुस्लिम घरांत ‘अब्बा’ ही हाक नित्य कानी पडते आणि ती पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी असते तशीच पन्नाशीतील मुलाच्याही. अरबी ‘अब’ व ॲरेमाइक ‘अब्बा’ हे सेमिटिक भाषाकुळातील सगोत्र शब्द होत. हाकेतील जवळीक वयाबरोबर सरत नाही आणि आदरही तिच्यामुळे उणावत नाही. गेथशेमानेतील प्रार्थनेत ‘अब्बा’ या हाकेपाठोपाठ स्वतःच्या इच्छेऐवजी पित्याची इच्छा पूर्ण व्हावी, अशी विनवणी येते. जवळीक व आज्ञापालन या दोन्ही बाजू तेथे एकाच वाक्यात एकवटल्या आहेत.

दृष्टांतातील पिता : पातेर या शब्दाची पूर्ण शक्ती लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात (१५ : ११-३२) दिसते. बावीस वचनांच्या या कथेत तो शब्द बारा वेळा येतो. त्यांपैकी तीनदा तो संबोधन म्हणून आहे आणि तिन्ही संबोधने धाकट्या मुलाची आहेत. वाटणी मागताना तो ‘पातेर’ म्हणतो. डुकरे राखताना परतण्याचे शब्द मनाशी जुळवितो तेव्हा तेच म्हणतो आणि प्रत्यक्ष भेटीतही तेच म्हणतो. थोरला मुलगा मात्र बापाशी बोलताना एकदाही ही हाक मारीत नाही. ‘पाहा’ अशा शब्दाने आरंभ करून तो आपण केलेल्या दास्याचा हिशेब मांडतो. पिता त्याला उत्तर देताना ‘तेक्नोन’ (लेकरा) म्हणतो. घर सोडून गेलेला मुलगा संबोधन राखतो आणि घरी राहिलेला ते हरवून बसतो, हा या कथेचा गाभा शब्दयोजनेतूनच प्रकट होतो.

लूकमध्येच दुसऱ्या एका स्थळी (११ : ११-१३) या शब्दाच्या एकत्वावर सारा युक्तिवाद उभा आहे. मुलाने मासा मागितला असता साप देणारा पिता तुमच्यात कोण आहे, असे विचारून मग स्वर्गातील पिता किती अधिक देईल, असा निष्कर्ष काढला आहे. दोन्ही ठिकाणी ‘पातेर’ हाच शब्द आहे. घरातील माणसावरून ईश्वराकडे जाणारी ही पायरी शब्दाच्या पुनरुक्तीवर टेकलेली असून अशा स्थळी दोन भिन्न शब्द योजिले, तर ती पायरी ढासळते.

मराठीतील ‘बाप’ : ‘बाप’ या शब्दाचे मूळ प्राकृत ‘बप्प’ या शब्दात आहे. पल्लवांच्या ताम्रपटांत आणि नेपाळातील लिच्छवींच्या लेखांत राजे स्वतःला ‘बप्पभट्टारका’च्या, म्हणजे पूज्य पित्याच्या चरणांचे ध्यान करणारे म्हणवितात. म्हणजे हा शब्द आरंभापासून केवळ ग्राम्य नव्हता. ‘मायबाप’, ‘बापलेक’, ‘बापजादे’ हे मराठी शब्द आणि ‘गणपती बाप्पा’ हे लाडके संबोधन यांतही तो आदराचा आहे. शिष्टसंमत नागर मराठीत पुढे वडिलांचा उल्लेख ‘वडील’ असा आदरार्थी अनेकवचनी होऊ लागला आणि ‘बाप’ हा एकवचनी शब्द रोखठोक, क्वचित उद्धट वाटू लागला. वऱ्हाडी बोलीत ‘बापा’ किंवा ‘बाप्पा’ हे मित्रालाही उद्देशून येणारे आपुलकीचे पालुपद झाले आहे. तेथे शब्दाची झीज झाली ती तुच्छतेने नव्हे, तर सलगीने.

भक्तिपरंपरेत या शब्दाला जे स्थान मिळाले, त्याचा संबंध वऱ्हाडातील कौंडण्यपूरशी पोहोचतो. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले हे गाव प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणून ओळखले जाते. रुक्मिणीचे माहेर ते हेच, अशी श्रद्धा असून येथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते. या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. ज्ञानेश्वरांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अनेक अभंगांच्या नाममुद्रेत विठ्ठलाला ‘बाप’ आणि ‘रखुमादेवीचा वर’ असे एकत्र म्हटले आहे. ज्ञानेश्वरांच्या जन्मदात्याचे नाव विठ्ठलपंत व मातेचे रुक्मिणीबाई. त्यामुळे ही मुद्रा पंढरीच्या दैवताबरोबरच त्यांच्या जन्मदात्यालाही लागू पडते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतल्यामुळे ज्याला समाजाने बहिष्कृत केले तो पिता आणि विटेवरचा देव, हे दोघे एका ‘बाप’ शब्दात भेटतात. लूकच्या ग्रीक शब्दाने जे साधले आहे, ते मराठीने आपल्या बळावर तेराव्या शतकापासूनच्या परंपरेत साधले होते, असे म्हणता येते.

कौंडण्यपूरच्या कथेत पितृत्वाची दुसरी बाजूही आहे. भागवताच्या दशमस्कंधातील आख्यानानुसार रुक्मिणी कृष्णाला द्यावी, असे आप्तांच्या मनात होते. परंतु थोरला पुत्र रुक्मी कृष्णाचा द्वेष करी व त्याने तिच्यासाठी शिशुपाल योजिला. राजा भीष्मक पुत्रस्नेहाच्या अधीन होऊन मुलगी शिशुपालास देण्यास सिद्ध झाला. कन्येने वडिलांकडे दाद न मागता कृष्णाकडे निरोप धाडला. महानुभाव कवी नरेंद्र याच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या रुक्मिणीस्वयंवरापासून एकनाथांच्या १५७१ मधील त्याच नावाच्या काव्यापर्यंत ही कथा मराठीत पुनःपुन्हा रचली गेली. विवाहेच्छू मुलींनी एकनाथांच्या काव्याचे पारायण करण्याचा प्रघातही पडला. पित्याचे मन चांगले असूनही त्याचे वात्सल्य एका अपत्याकडे झुकले, की दुसऱ्यावर अन्याय होतो, हे त्या कथेतील भीष्मकावरून मराठी वाचकाला ठाऊक असते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात थोरल्या मुलाची तक्रार नेमकी हीच आहे आणि या पार्श्वभूमीवर ती निव्वळ मत्सराची वाटत नाही. दृष्टांत तिला जे उत्तर देतो ते पित्याच्या कृतीतून : धाकट्याला सामोरा धावणारा पिता रुसलेल्या थोरल्याची समजूत घालण्यासाठीही घराबाहेर येतो. भीष्मकाचा पुत्रस्नेह निवड करतो. दृष्टांतातील पित्याचा स्नेह निवड करण्याचे नाकारतो. हा भेद मराठी वाचकाच्या मनात उमटण्यासाठी दोन्ही कथांतील व्यक्ती त्याला ‘बाप’ म्हणूनच भेटावयास हवी.

अनुवादांचा इतिहास : मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा आरंभ ‘बाप’ या शब्दानेच झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच्या नमनातच सर्वसमर्थ देवाला ‘बाप’ असे संबोधन आहे. ओवी हा छंद आणि पुराण हा प्रकार स्वीकारणाऱ्या या ग्रंथकाराने ईश्वराच्या पितृत्वासाठीही संतपरंपरेला परिचित असलेला शब्द निवडला. गोव्यातील कॅथलिकांच्या कोकणी प्रभुप्रार्थनेत ‘बापा’ हेच संबोधन आजही म्हटले जाते. लिहिण्यावाचण्याचा संबंध नसलेल्या पिढ्यांनीही ते मुखोद्गत राखले.

बायबलच्या गद्य अनुवादाचा प्रवाह एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे छापला गेला. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचा आपला अनुवाद प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाला. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा योजण्याचा व संस्कृतप्रचुर धार्मिक शब्द टाळण्याचा त्यांचा प्रयत्न होता. शब्दाची प्रतिष्ठा आणि शब्दाची सुगमता यांतील ओढ या साऱ्या अनुवादांत कमीअधिक प्रमाणात आढळते.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांताला मराठी भाषाभ्यासातही एक अनपेक्षित स्थान मिळाले. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी हीच कथा नमुना म्हणून ठरविली; तिच्यात पुरुषवाचक सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ आढळतात, हे त्यामागील कारण होते. मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीसह मराठीच्या अनेक बोलींचे नमुने आहेत. प्रमाण मराठीच्या नमुन्यात निवेदनात ‘बाप’ व संबोधनात ‘बाबा’ असे शब्द आहेत. विदर्भातील ‘ले’ हा विभक्तिप्रत्यय असो वा कोकणातील उच्चारभेद असोत, मराठीच्या बोलींची तुलना एका बापाच्या व त्याच्या दोन लेकांच्या गोष्टीवरून झाली, ही घटना लक्षणीय आहे.

बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रचलित मराठी आवृत्तीत तीन प्रकारची योजना दिसते. प्रभुप्रार्थनेत व योहानाच्या शुभवर्तमानात ईश्वर हा ‘पिता’ असून त्याचे संबोधन ‘पित्या’ असे आहे. दृष्टांतातील माणूस ‘बाप’ असून त्याचे मुलगे त्याला ‘बाबा’ म्हणतात. ‘अब्बा’ या शब्दाच्या जोडीला मात्र ‘बापा’ हे रूप येते. प्रत्येक निवड सुटी घेतली, तर समर्थनीय आहे. ईश्वराला आदरवाचक तत्सम शब्द, कथेला बोलीचा शब्द आणि आर्त प्रार्थनेला जुन्या भक्तीचा शब्द, असे तिचे तत्त्व दिसते. एकत्र पाहता मात्र ईश्वर आणि दृष्टांतातील पिता यांच्यात ग्रीक मूळात नसलेली भिंत उभी राहते. धुळीच्या वाटेवर धावत सुटलेला तो ‘बाप’ आणि प्रार्थनेतला तो ‘पिता’ एकच, हे श्रोत्याला प्रवचनकाराने वेगळे सांगावे लागते.

‘पित्या’ या संबोधनाची अडचण आणखी आहे. ‘पिता’ हा शब्द मराठीत वर्णनाचा आहे, हाकेचा नाही. कोणतेही मराठी मूल वडिलांना ‘पित्या’ म्हणून हाक मारीत नाही. शिवाय व्यक्तिनामांना ‘या’ लावून होणारी ‘गण्या’, ‘बाळ्या’ यांसारखी रूपे मराठीत सलगीची वा अवहेलनेची असल्याने हे रूप नवख्या कानाला विचित्र वाटते. उपासनेतील दीर्घ वापराने ख्रिस्ती समाजात त्याला पावित्र्य लाभले, हे खरे. परंतु ते वापराने आलेले आहे, शब्दाच्या अंगभूत अर्थाने नव्हे.

मूल्यमापन : ‘पिता’ या शब्दाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. तो पातेरचा सगोत्र शब्द आहे; त्यापासून पितृत्व, पैतृक, पितृतुल्य असे शास्त्रीय विवेचनास उपयुक्त शब्द साधता येतात आणि नागर वाचकाला तो अनादराचा वाटत नाही. पहिला मुद्दा भाषेच्या इतिहासाचा आहे. तो अनुवादाचा निकष होऊ शकत नाही. दुसरा धर्मशास्त्रीय लेखनापुरता पूर्णतः ग्राह्य आहे. तिसऱ्याचे बळ मोठे आहे. कारण ज्या शब्दाने भक्ताला संकोच वाटतो, त्या शब्दाने त्याला प्रार्थना करता येत नाही. मात्र हा संकोच एका विशिष्ट वर्गाच्या व काळाच्या शिष्टाचारातून आलेला आहे. त्याच वर्गातील वाचक ज्ञानेश्वरांच्या नाममुद्रेत तो शब्द निःसंकोच उच्चारतो. मराठीत मुलगा वडिलांना आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, पण देवाशी ‘तू’ म्हणूनच बोलतो. भक्तीचा व्याकरणनियम शिष्टाचारापेक्षा निराळा असल्याचे त्यावरून दिसते.

नात्याचे शब्द अनुवादात कितपत बदलावेत, हा प्रश्न जगात इतरत्रही तीव्र झाला. मुस्लिम वाचकांसाठी केलेल्या काही अनुवादांत ईश्वरासाठी ‘पिता’ व ख्रिस्तासाठी ‘पुत्र’ हे शब्द टाळले गेल्याने २०१२ च्या सुमारास मोठा वाद झाला. वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्सने नेमलेल्या तज्ञमंडळाने २०१३ मध्ये असे सुचविले, की अशा ठिकाणी त्या त्या भाषेतील कुटुंबातील नात्याचा थेट शब्दच योजावा. हा निकष मराठीला लावल्यास ‘पिता’ बाद ठरत नाही, परंतु ‘बाप’ हा अधिक थेट ठरतो.

पितृवाचक शब्दाची स्वतःची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. तो ईश्वराला पुरुषप्रधान कुटुंबाच्या साच्यात बसवितो, असा आक्षेप स्त्रीवादी ईश्वरशास्त्राने घेतला. बायबलमध्येच यशयाच्या ग्रंथात (६६ : १३) ईश्वर आईप्रमाणे सांत्वन करील, असे वचन आहे. मराठीत या आक्षेपाचे उत्तर संतांनी आधीच तयार ठेवले होते. ज्या विठ्ठलाला त्यांनी बाप म्हटले, त्यालाच त्यांनी माउलीही म्हटले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हीच वाट धरून ख्रिस्ताला आपल्या भजनांत माउली म्हणून आळविले. शब्दकोशात पातेरचा अर्थ ‘माउली’ होणार नाही. परंतु धाकट्याच्या गळ्यात पडणारा आणि थोरल्याची मनधरणी करणारा जो पिता लूकने रंगविला, त्याचे वर्तन मराठी माणूस ‘मायबाप’ या जोडशब्दाने ओळखतो.

एकूण पाहता पातेर या संज्ञेचा सर्व ठिकाणी चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द सुचविणे कठीण आहे. तत्त्वचर्चेत ‘पिता’ हा शब्द राहणारच. दृष्टांत आणि प्रार्थना यांत मात्र एकच शब्द राखणे अर्थदृष्ट्या आवश्यक आहे. कारण नव्या कराराचे म्हणणे त्या दोहोंच्या जोडणीत आहे. स्टीफन्सने रायतूरला ती जोडणी ‘बाप’ या शब्दाने साधली आणि गोव्यातील घराघरांतून सायंप्रार्थनेत ती टिकून राहिली. प्रमाण मराठी अनुवादांनी तिच्याऐवजी ‘पिता’ स्वीकारताना प्रतिष्ठा मिळविली, पण घरातील माणूस आणि स्वर्गातील देव यांना जोडणारा शब्द त्या मानाने गमावला.